एकोणतीसचा पाढा

आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी माझा मेंदू तपासला तेव्हा त्यांच्या एका हातात चहाची बशी होती आणि दुसऱ्या हातात बिस्किट. ते मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसले होते, मुख्याध्यापक शेजारच्या स्टुलावर, आणि मी उभी होते.

"बाई, एकोणतीसचा पाढा म्हणा बरं."

मी म्हटला. एकोणतीस एकेपासून दाहे दोनशे नव्वदपर्यंत, कुठे न अडखळता. अध्यक्षांनी बिस्किट बशीत बुडवलं आणि मुख्याध्यापकांकडे वळले.

"ल्या, सर. बाईसनं डोकं ते फस्क्लास शे. काय आजार नि फिजार लाई बठनात तुम्ही."

मुख्याध्यापक हसले. अध्यक्ष हसले की ते हसतात, त्यांचा तेवढाच व्यायाम होतो. सुरतेच्या डॉक्टरांनी ज्या डोक्याचे फोटो काढायला मला धडधडणाऱ्या नळीत पाऊण तास पाडून ठेवलं होतं, ते डोकं आमच्या साहेबांनी एका बिस्किटात निकालात काढलं.

हे मी सहानुभूतीसाठी लिहीत नाही. सहानुभूती मला भरपूर मिळते, आणि बहुतेक वेळा ती बदामाच्या रूपात मिळते. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे हे कळल्यापासून जो भेटतो तो बदाम खायला सांगतो. भिजवून, साल काढून, दुधात, मधात. जीपमध्ये शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा सांगते. आजाराचं नाव कुणाला उच्चारता येत नाही, पण उपाय सगळ्यांना पाठ.

आमच्या घरात दहावीच्या पुढे माझ्याआधी कुणी गेलेलं नाही. माझे वडील, म्हणजे आबा, तापीकाठी दुसऱ्याच्या केळीच्या बागेत राखणीला होते. मी तालुक्याच्या कॉलेजात गणित घेऊन बी.एस्सी. केली, मग बी.एड. केलं, आणि सातपुड्याच्या पायथ्यापासून वर, मोलगीच्या रस्त्यावरच्या एका आश्रमशाळेत शिक्षिका झाले. हे मी मान वर करून सांगते. ज्यांच्या घरात तीन पिढ्या वकील आणि डॉक्टर आहेत त्यांनी नम्र राहावं, त्यांना ते परवडतं.

पण अध्यक्षांना हसण्याआधी एक सांगितलं पाहिजे. त्यांची ती परीक्षा त्यांची एकट्याची नव्हती, आमच्या सगळ्या मुलखाची होती. आमच्याकडे डोकं म्हणजे पाढे. मी शाळेत असताना घरी पाहुणे आले की आबा मला हाक मारायचे. पाहुण्याचे पाय धुऊन होतात न होतात तोच सुरू.

"मन्ही पोरले तीस लगून पाढा येतस. ईचारा."

पाहुणा बिचारा स्वतः अडाणी. तो विचारायचा, "सत्तावीस साते?" मी म्हणायची, "एकशे एकोणनव्वद." बरोबर की चूक हे त्याला कुठून कळणार, पण मी ज्या वेगाने म्हणायची त्यावरून तो मान डोलवायचा. लग्नाच्या मांडवात मला टेबलावर उभं केलेलं आहे. म्हातारं माणूस भ्रमिष्ट झालं की नाही हे ठरवायलासुद्धा आमच्याकडे त्याला पाढे विचारतात. आले तर तो शहाणा, त्याचं जमिनीबद्दलचं बोलणं ऐकायचं. नाही आले तर त्याची खाट ओट्यावर. असा सगळा कारभार. त्यामुळे अध्यक्षांनी पाढा विचारला तेव्हा ते मूर्खपणा करत आहेत हे मला कळत होतं, आणि तरीही माझ्या तोंडातून तो पाढा सुटला, कारण त्या टेबलावरची मुलगी अजून आत होतीच.

आता आजाराचं. पहिल्यांदा डाव्या डोळ्यासमोर धुकं आलं. नंदुरबारला एका डॉक्टरांनी चष्मा बदलला. धुकं गेलं, म्हणून सगळे म्हणाले चष्मा लागू पडला. मग पुढच्या वर्षी कमरेखाली मुंग्या, आणि जीपमधून उतरताना उजवा पाय आपला नाहीसा. दुसऱ्या डॉक्टरांनी ताकदीची इंजेक्शनं दिली आणि विचारलं, "टेन्शन घेता का?" सरकारी हॉस्टेलात पोरींना खरूज झाली तरी हाच प्रश्न विचारणारे हे लोक. माझे चुलत सासरे घरी येऊन निदान करून गेले, तेही फुकट.

"जास्त शिकनी, म्हनीसन डोकं तपनं तिन्हं."

मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "काका, तुमनं थंड शे ना, बरं शे."

त्यांना ते कौतुक वाटलं. चहा पिऊन गेले.

शेवटी नवऱ्याने सुट्टी काढली आणि मला सुरतेला नेलं. तो एस.टी.च्या डेपोत फिटर आहे, कमी बोलतो. तिथे डोक्याचे आणि पाठीच्या कण्याचे फोटो झाले, पाठीतलं पाणी काढून तपासलं, आणि नाव कळलं. आपल्याच शरीराची राखण करणाऱ्या पेशी चवताळून नसांवरचं आवरण कुरतडतात. सलाइनमधून औषध दिल्यावर पाय परत आला. नंतरची औषधं चालू आहेत, आणि मी चालते. चालते म्हणून लोकांच्या हिशेबी मी बरी झाले. आमच्याकडे आजारी म्हणजे जो लंगडतो तो. बाकी सगळी नाटकं.

खरी भानगड त्यानंतर सुरू झाली, आणि ती पायात नव्हती.

आमच्या शाळेत पाचवी ते आठवी चार वर्ग आणि शिक्षक तीन. एक जागा रिकामी, ती भरणार भरणार असं मी लागले तेव्हापासून ऐकते आहे. म्हणून कुणातरी एकाच्या माथी दोन वर्ग एका खोलीत, आणि तो कुणीतरी म्हणजे मी. सातवी सरांकडे, आठवी दुसऱ्या बाईंकडे, पाचवी आणि सहावी माझ्याकडे. फळ्याच्या मधोमध खडूची रेघ. डावीकडे पाचवीचा गुणाकार, उजवीकडे सहावीचे अपूर्णांक. पुस्तक मराठीत, पोरं आपसात भिलीत आणि पावरीत, आणि मी मनातल्या मनात अहिराणीत. आधी हे मला सहज जमायचं. पाचवीला गणित घालायचं, वळायचं, सहावीतल्या पोरीने भिलीत विचारलेलं ऐकायचं, मराठीत सांगायचं, पुन्हा वळायचं. कॉलेजात शिकलेल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा मला या कामाचा जास्त अभिमान होता. पुण्या-मुंबईचे शिक्षक इथे एक आठवडा टिकणार नाहीत, असं मी मैत्रिणींना सांगायची, आणि ते खरंच आहे.

मग ते जमेनासं झालं. पोरीचा प्रश्न मला कळायचा. उत्तर मला माहीत असायचं. पण प्रश्नापासून उत्तरापर्यंत जायला मला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात पाचवीतलं कुणी उठून पाणी प्यायला गेलेलं असायचं, आणि त्याला हाक मारली की प्रश्नच हातातून जायचा. एकदा एका मुलीला मी सरळ अहिराणीत म्हटलं, "थांब ना माय, जराखं दम धर." त्या डोंगरातल्या पोरीला अहिराणी काय कळणार. ती घाबरली, बाकीची हसली. त्यांचं काही चुकलं नाही. दुपारच्या जेवणानंतर तर समोरचा माणूस वाक्य संपवायचा तेव्हा मी त्याच्या पहिल्या अर्ध्यातच असायची.

उन्हाळ्यात सुरतेला गेले तेव्हा डॉक्टरांना हे सांगितलं. त्यांनी मला एका तरुण डॉक्टरबाईकडे पाठवलं. ती नुसत्या डोक्याच्या चाचण्या घेते. आधी एक कागद दिला, त्यावर चित्रविचित्र खुणा, आणि कुठल्या खुणेला कुठला आकडा ते वर लिहिलेलं. खाली नुसत्या खुणा, आपण आकडे सांगायचे, भराभर. मग दुसरी चाचणी ऐकण्याची. आकडे हिंदीत किंवा गुजरातीत म्हणणार होते. मी म्हटलं, गणित मी मराठीत करते, मला मराठीत म्हणून दाखवा. तिने शोधाशोध करून धुळ्याकडची एक नर्स आणली. नर्स म्हणाली तीन. मग म्हणाली पाच. मी आठ म्हणायचं. मग ती सात म्हणाली की आता पाच आणि सात बारा म्हणायचं, आधीचं आठ सोडून द्यायचं. मग दोन, की नऊ. असं पुढे.

एकेरी बेरजा. पहिलीतल्या पोराच्या. आणि बी.एस्सी. गणित झालेली मी चौथ्या-पाचव्या आकड्याला रिकामी. नर्स पुढचा आकडा म्हणायची आणि मी मागच्याला धरून बसलेली. मला इतका संताप आला की मी डॉक्टरबाईला म्हटलं, "मला तीसपर्यंत पाढे येतात," आणि विचारायच्या आत एकोणतीसचा म्हणून दाखवला.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग म्हणाली, "तो तुम्ही लहानपणी एका जागी ठेवून दिलाय. तिथून तो कुणी नेलेला नाही. मी जे तपासतेय ते वेगळं आहे."

तिने कॉम्प्युटरवर एक रंगीत चित्र दाखवलं. माझं नव्हतं, समजावण्यासाठी ठेवलेलं होतं. मेंदूचे भाग आणि त्यांच्यामध्ये दोऱ्यांची जाळी. ती म्हणाली, फोटोत मेंदूवर डाग किती दिसतात एवढ्यावरून सगळं कळत नाही, विचार करताना हे भाग एकमेकांशी बोलतात, ते बोलणं कसं चाललंय ते महत्त्वाचं. मला तिची दोऱ्यांची जाळी नको होती. मला आमचा रस्ता दिसला. पावसाळ्यात घाटात दरड आली की जीप मोलगीला पोचत नाही असं नाही. ड्रायव्हर कुठून कुठून पाड्यापाड्यांतून काढतो आणि पोचवतो, पण अर्धा दिवस जातो, डिझेल दुप्पट लागतं, आणि उतरणारं माणूस कामाचं राहत नाही. गावं जागेवर असतात, गेलेला असतो तो मधला रस्ता. मी तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, साधारण असंच. मेंदू सुरुवातीला आडवाटा काढतो, एका कामाला जास्त भाग लावतो. पुढे पुढे आडवाटाही अपुऱ्या पडू शकतात. मग ती म्हणाली, हे जास्तीचं काम म्हणजे मेंदूची मदत आहे की बिघाडाचीच एक खूण, हे अजून नक्की ठरलेलं नाही.

'ठरलेलं नाही' असं म्हणणारं या आजारात मला भेटलेलं ते पहिलं शहाणं माणूस. बाकी सगळ्यांचं सगळं ठरलेलं असतं.

तिने सांगितलं, एका वेळी एक काम. अवघड ते सकाळी. एकच वर्ग मिळाला तर तुम्ही शिकवत राहाल, न मिळाला तर किती दिवस, मला सांगता येणार नाही. तसा कागदही दिला.

जूनमध्ये शाळा उघडली आणि मी तो कागद मुख्याध्यापकांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, काढला.

"मॅडम, हे इंग्लिशमध्ये आहे."

मी मराठीत वाचून दाखवलं.

"पण आजारी पण तुम्हीच, आणि भाषांतर पण तुम्हीच करणार. असं कसं चालेल?"

"मग तुम्ही करा, सर."

त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. मग मायेच्या सुरात म्हणाले, "एवढा त्रास आहे तर भांडार बघा ना तुम्ही. तांदूळ, तेल, साबण. डोक्याला काही ताप नाही. वर्गाचं आम्ही बघू."

वर्गाचं ते काय बघणार होते ते शाळेतल्या कुत्र्यालाही माहीत होतं. अध्यक्षांची सून बी.एड. होऊन घरी बसलेली आहे. मी एकदा का तेल-तांदळाच्या खोलीत गेले की परत फळ्यासमोर येणं नाही. आबांनी मला टेबलावर उभं केलं होतं ते साबणाच्या वड्या मोजायला नव्हे. मी म्हटलं, भांडार नको, मला एक वर्ग द्या. ते म्हणाले, अध्यक्षांना विचारतो.

आणि मग तो पाढा. वर सांगितला तोच. निकाल असा लागला की बाईंचं डोकं उत्तम आहे, तेव्हा पाचवी-सहावी आहे तशीच. या लोकांकडे माणसांचे दोनच प्रकार आहेत, शहाणा आणि येडा. येडा असलास तर भांडारात जा, शहाणा असलास तर दोन वर्ग घे. तिसरं माणूस त्यांनी पाहिलेलंच नाही.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो हात धूत होता, डेपोतलं ग्रीस निघत नव्हतं.

"तुले कोनी सांगं व्हतं पाढा म्हनाले?"

"त्यास्नी ईचारं."

"ईचारं, ते 'येत नही' सांगाले काय व्हतं तुले?"

"पन माले येस."

"हा," तो म्हणाला. "तेच ते."

आणि टॉवेल घेऊन आत गेला. मला त्याचा दोन दिवस राग होता.

जुलैत एका दुपारी मुख्याध्यापक वर्गाच्या दारात उभे होते आणि मला ते दिसले नाहीत. सहावीला मी छेद सारखे करून दाखवत होते, पाचवीत दोघांची मारामारी जुंपली, मी वळून ओरडले, परत फळ्याकडे आले आणि सहावीच्या गणिताखाली पाचवीचा गुणाकार लिहीत सुटले. मुलं निमूट उतरवून घेत होती. आमची मुलं फळ्यावरचं सगळं उतरवतात, फळ्यावर धोब्याचा हिशेब लिहिला तरी. सुट्टीत मुख्याध्यापकांनी बोलावलं.

"मॅडम, हे काही बरोबर नाही. तुमच्या डोक्याचं काहीतरी आहे."

"जूनमध्ये फस्क्लास होतं, सर."

"ते वेगळं. उद्यापासून भांडार बघा."

"लेखी द्या."

लेखी म्हटलं की आमचे सर पेनाला टोपण लावतात. शिक्षकाला भांडारात बसवलं हे कागदावर आलं तर वरून विचारणा होईल हे त्यांना कळतं. तेवढं एकच त्यांना कळतं, पण चांगलं कळतं. त्यांनी कागद दिला नाही, मी हलले नाही. पण हे फार दिवस चालणार नाही हे दोघांनाही दिसत होतं. अध्यक्ष पंधरा ऑगस्टला झेंड्याला येणार होते. तोवर मला काहीतरी करायला हवं होतं, आणि वरच्यांकडून काही मिळणार नव्हतं.

म्हणून मी माझ्या दोन सहकाऱ्यांचा विचार केला. सातवीचे सर गणिताच्या तासाला गाईडमधली उत्तरं फळ्यावर लिहितात आणि पोरांना 'पाठ करा' म्हणतात. एकदा एका मुलाने विचारलं, उणे आणि उणे अधिक कसं? सर म्हणाले, सरकारने तसं ठरवलंय. आठवीच्या बाई भूमितीचा धडा आला की त्यांची पित्ताची तक्रार उचल खाते. वर्षानुवर्षं गणिताचा पगार घेणारी आणि गणिताला भिणारी ही माणसं. एरवी मी त्यांच्याशी बोलायची नाही. त्या दिवशी त्यांच्यासाठी डब्यात जास्तीच्या भाकरी नेल्या.

"माझा एक विचार आहे," मी म्हटलं. "वर्ग वाटून घेण्याऐवजी विषय वाटून घेऊ. चारही वर्गांचं गणित आणि विज्ञान मी घेते. एका तासाला एक वर्ग. बाकीचं तुम्ही दोघं. माझ्या तासाला उरलेले तीन वर्ग तुमच्याकडे, कुणातरी एकाला दोन जोडून बसवावे लागतील. इतिहास, वाचन, चित्रकला, काही घ्या."

सरांनी भाकरीचा घास हातातच धरला. "सातवीचे अपूर्णांक?"

"मी घेते."

"बीजगणित?"

"मी."

"आठवीची भूमिती पण?" बाईंनी हळूच विचारलं.

"ती पण. तुमच्या पित्ताला आराम."

सरांना आता माझी काळजी वाटू लागली. "पण मॅडम, तुमची तब्येत?"

"तुमच्या अपूर्णांकांपेक्षा बरी आहे."

ते हसले. अपमान त्यांना कळला, पण सौदा इतका चांगला होता की त्यांनी तो गिळला. दोन वर्ग जोडून बसवायचं ओझं ते आपण होऊन घेत होते, आणि वर माझे आभार मानत होते. त्याच आठवड्यात आम्ही वेळापत्रक फिरवलं. मुख्याध्यापकांना महिनाभर पत्ताच नव्हता, कारण ते वर्गाकडे फिरकतच नाहीत.

सगळं चांगलं झालं असं मी म्हणणार नाही. सकाळी आठवीचं बीजगणित घ्यायची तेव्हा मी जवळजवळ पूर्वीची होते. दुपारी पाचवीला अजूनही शब्द उशिरा यायचा. पण समोर एकच वर्ग असल्यामुळे उशीर झाला तर झाला, प्रश्न पळून जायचा नाही. पोरांना मी सांगून टाकलं की एकाने विचारायचं, मी उत्तर देईपर्यंत दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. पोरं थांबायला लागली. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. जीपची वाट बघणारी पोरं ती, थांबणं त्यांना येतं. ते न येणारे सगळे ऑफिसात बसतात.

पंधरा ऑगस्टच्या सकाळी मुख्याध्यापकांनी मला व्हरांड्यात गाठलं. त्यांना कळलं होतं.

"मॅडम, महिनाभर तुम्ही चारही वर्ग घेताय म्हणे. म्हणजे तब्येत ठीकच आहे. सातवीच्या सरांना हॉस्टेलच्या कामाला लावायचंय मला. तेव्हा सोमवारपासून पाचवी-सहावी परत तुमच्याकडे, जोडून. साहेब आले की सांगतो."

झेंडा झाला, पोरांना लाडू वाटले, आणि अध्यक्ष ऑफिसात येऊन बसले. या वेळी त्यांच्याबरोबर जिल्ह्याहून आलेले एक अधिकारी होते. अध्यक्षांना त्यांच्यावर छाप पाडायची होती. मला आत बोलावलं.

"ह्या आमच्या बाई. लोकं म्हणतात आजारी आहेत. आता तुम्हीच बघा, साहेब. बाई, एकोणतीसचा पाढा होऊन जाऊ द्या."

मुख्याध्यापक आधीच हसायच्या तयारीत होते. अधिकारी मोबाईल बघत होता.

पाढा माझ्या जिभेवर होता. एकोणतीस एके, दुणे अठ्ठावन्न, त्रिक सत्त्याऐंशी, सगळा रांगेत उभा होता. मी तोंड उघडलं असतं तर तो आपोआप बाहेर पडला असता, आणि सोमवारी फळ्यावर पुन्हा रेघ आली असती.

"येत नाही, साहेब."

"काय?"

"एकोणतीसचा पाढा मला येत नाही."

"अहो, त्या दिवशी तर घडाघडा म्हटला."

"त्या दिवशी आला."

अध्यक्षांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. दावणीचं जनावर बाजारात बसकण मारतं तेव्हा मालकाचा होतो तसा. अधिकाऱ्याने मोबाईलवरून मान वर केली आणि विचारलं, "काय त्रास आहे बाईंना?"

मी सांगितलं. "एका वेळी एक वर्ग असला की मी शिकवू शकते. दोन असले की दोन्ही जातात. सध्या विषय वाटून घेतलेत, ते चाललंय."

"मग ठेवा ना तसंच," तो म्हणाला. "विषयवार चांगलंच असतं." त्याला काही कळलं नव्हतं. समोरचा चहा गार होत होता, एवढंच त्याला दिसत होतं. पण तो जिल्ह्याहून आला होता.

अध्यक्ष लगेच पुढे सरकले. "तेच मी सांगेल व्हतं सरले. विषयवार करा. मन्हीच आयडिया शे ती, साहेब."

"हो, साहेबांचीच," मुख्याध्यापक म्हणाले.

मी बाहेर आले. त्यांना ती आयडिया लखलाभ. मला माझे तास मिळाले, आणि सून अजून घरीच आहे. पुढच्या वर्षीचे फोटो काय दाखवतील ते मला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे असं वाटतं त्यांनी बदाम खावेत.

फक्त एक गोष्ट माझ्या हिशेबात नव्हती. आमच्या मुलखात बातमी जीपपेक्षा लवकर खाली उतरते. बुधवारी सहावीचा तास चालू असताना आबांचा फोन आला. ते एरवी शाळेच्या वेळी कधी करत नाहीत, म्हणून मी दारात जाऊन उचलला.

"पोरी, लोकं सांगतस तुले एकोनतीसना पाढा येत नही म्हने." त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. "साहेबेस्नापुढे तू सांगं. तू ईसरी गयी का?"

"नही, आबा."

"मंग म्हन बरं. माले आयकू दे."

या एका माणसाला मी कधीच 'नाही' म्हटलेलं नव्हतं, टेबलावरही नाही आणि लग्नानंतरही नाही. मागे सहावीतली एक मुलगी प्रश्न विचारून उभी होती. छेद सारखा का करायचा, असा तिचा प्रश्न होता. ती थांबली होती, वर्ग थांबला होता, आणि उत्तर माझ्याकडे यायला नुकतंच निघालं होतं.

"आते नही, आबा," मी म्हटलं. "मन्हा वर्ग चालू शे."

फोन ठेवला आणि तिच्याकडे वळले.